तेरा ठिपक्यांची चाल

"पडद्याशिवाय सिनेमा कराल का?" असं डॉक्टर शबाना मुजावरांनी विचारलं, तेव्हा हेमांगी आरवाडेला वाटलं, बाई आपली चेष्टा करतायत.

ती आईला घेऊन मिरजेच्या रुग्णालयात आली होती. शबाना मुजावर तिथं मेंदूच्या शस्त्रक्रिया करायच्या आणि त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी आईच्या डोक्यात नवी दृष्टी बसवली होती. आई समोरच्या खुर्चीत जाड काड्यांचा चष्मा लावून ताठ बसली होती. पद्मजा आरवाडे, मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या निवृत्त शिक्षिका. काचबिंदूनं पंधरा वर्षांपूर्वी नजर नेली, पण शिट्टी फुंकायची ऐट तेवढी ठेवली.

"सिनेमा कुणासाठी?" हेमांगीनं विचारलं.

"ह्यांच्यासाठी. आणि ह्यांच्यासारख्या आणखी काहींसाठी," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमचे लघुपट पाहिलेत. चेहरे काढत नाही तुम्ही, नुसत्या हालचालीवर माणूस उभा करता. मला तेच हवंय."

हेमांगीचे लघुपट पाहिलेलं माणूस भेटणं आता दुर्मीळ झालं होतं. पंचवीस वर्षं ती हातानं चित्रं काढून अ‍ॅनिमेशन करत आली होती. दहा-बारा मिनिटांच्या एका फिल्मसाठी दीड-दोन वर्षं जायची, पण फिल्म लागली की परदेशातल्या महोत्सवांत लोक उठून टाळ्या वाजवायचे. मग सांगाल तशी फिल्म काढून देणारी यंत्रं आली. सकाळी कल्पना सुचली की दुपारपर्यंत फिल्म तयार. पुण्यातला तिचा स्टुडिओ वर्षभरात ओस पडला. सोबतची मंडळी मिळेल त्या कामाला लागली आणि हेमांगी सांगलीला, विश्रामबागेतल्या आईच्या घरी परतली. लोकांना वाटलं, बाई खचली. ती खचली नव्हती. "मला काम येतं," ती म्हणायची. "ते कुणाला हवंय, एवढंच शोधायचंय."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद ओढून डोक्याचं चित्र काढलं. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकते, पण मेंदूच्या मागच्या बाजूला जिथं 'दिसणं' घडतं तो भाग शाबूत असतो. तिथं नखाएवढी एक जाळी बसवायची. जाळीच्या एकेका टोकातून अगदी बारीक वीज सोडली की अंधारात उजेडाचा एकेक ठिपका उमटतो. चष्म्यातला कॅमेरा समोरचं पाहतो, छोटा संगणक त्याचे ठिपके करतो, आणि ते जाळीपर्यंत पोचतात.

"म्हणजे दिसतं?" हेमांगीनं विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "काळ्या घोंगडीवर कुणीतरी भडंग सांडलंय, असं दिसतं. त्यातलं कुठलं माणूस आणि कुठलं कपाट, ते माझं मी ओळखायचं."

"ठिपके जेमतेम हजार," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात सगळं जग कोंबलं की नुसती गर्दी होते. पण मेंदूला एक उपजत कसब असतं. काळोख्या खोलीत एखाद्याच्या सांध्यांवर बारीक दिवे लावले आणि तो नुसता उभा राहिला, तर बघणाऱ्याला काही कळत नाही. तो चालायला लागला की मात्र क्षणात कळतं. माणूस आहे, दमलाय की खुशीत आहे, सगळं. खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे आणि एक डोकं. तेरा ठिपके पुरतात."

"ते हलवता आले पाहिजेत," हेमांगी म्हणाली.

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय. कॅमेऱ्यातून येणारं खरं जग फार गोंधळाचं आहे. आधी सोपं, स्वच्छ काहीतरी दाखवलं, तर ह्यांच्या मेंदूला ठिपके वाचायची सवय लागेल. मुलांना वाचायला शिकवताना चित्रांचं पुस्तक देतो ना, तसं."

त्याच आठवड्यात हेमांगीनं काम सुरू केलं.

चित्र काढताना तिला रेघ होती, रंग होता, सावली होती. इथं काहीच नव्हतं. काळी पाटी आणि तेरा ठिपके. पहिली बाई तिनं चालवली तेव्हा ती पाण्यात तरंगणाऱ्या बाहुलीसारखी दिसली. वजनच नव्हतं तिला. मग हेमांगीनं पाऊल टेकण्याआधी घोट्याचा ठिपका किंचित थांबवला, टेकल्यावर कंबरेचे दोन्ही ठिपके थोडे खचवले, आणि बाईच्या अंगात एकदम हाडं आली. उजव्या मनगटाचा ठिपका जरा बाहेर नेऊन ताणला, तर तिच्या हातात बादली आली. बादलीचा एकही ठिपका काढला नव्हता! हेमांगी खुर्चीतून उठली आणि खोलीभर दोन चकरा मारून आली. कितीतरी दिवसांत तिला असा आनंद झाला नव्हता.

फिल्मचं नाव तिनं ठेवलं 'घाट'. कृष्णेच्या घाटावर एक बाई पाण्याला उतरते, एक कुत्रं तिच्या मागं लागतं, नदीत पडतं, वर येतं, एवढीच गोष्ट. सहा मिनिटांची.

पहिला खेळ रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाला. जाळी बसवलेले सातजण गोल बसले होते आणि मागं भिंतीला टेकून डोळस मंडळी उभी होती. डोळसांना बघायला काहीच नव्हतं. समोर रिकामी भिंत, खिडकी आणि पंखा. फिल्म थेट त्या सातजणांच्या मेंदूत चालली होती.

आधी सांगलीतल्या हळदीच्या पेठेतले मगदूम पुढं झुकले. जिनदत्त मगदूम, साखरेच्या आजारानं दृष्टी गेलेले साठीचे व्यापारी. "बाई हाय," ते हळूच म्हणाले. "जिना उतरतीया. हातात जड काय तरी हाय." त्यांची बायको राजमती मागं उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं कुत्रं पाण्यातून बाहेर आलं आणि त्यानं अंग झाडलं. ठिपके दाही दिशांना उडाले, आणि ती सातही माणसं एकाच क्षणी खदखदून हसली. डोळसांना कळेना, हसायला काय झालं. हेमांगीला कळलं. थिएटरातलं हसू तिला नवीन नव्हतं, पण हे असं हसू तिनं कधी ऐकलं नव्हतं.

घरी जाताना रिक्षात आईनं चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "कुत्रं झकास. बाई जरा जास्तच डौलात उतरते. पायऱ्या शेवाळलेल्या असतात गं."

"आवडलं की नाही ते सांग."

"आवडलं म्हणून तर चुका काढतेय."

'घाट'चा बोलबाला झाला. ज्या ज्या शहरांत अशी दृष्टी बसवलेली माणसं होती, तिथून मागणी आली. एका मोठ्या महोत्सवानं पहिल्यांदाच पडदा नसलेलं दालन उघडलं, आणि उद्घाटनाला हेमांगीला नेलं. तिनं आणखी तीन लघुपट केले. आणि मग जाळी बनवणाऱ्या 'अंतर्दीप' कंपनीनं तिला बोलावलं.

अंतर्दीपचे तंत्रप्रमुख आदित्य सोमण पस्तिशीतले, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांची अडचण खरी होती. रस्त्यावर चालणारा माणूस कॅमेऱ्याला कधी पूर्ण दिसत नाही. गाडीआड पाय जातात, साडीत गुडघे हरवतात. ठिपके विझतात, उड्या मारतात, आणि बघणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं. "तुमच्या फिल्ममधली माणसं मात्र सगळ्यांना लगेच कळतात," सोमण म्हणाले. "आम्हाला तुमच्या चालींचा संच द्या. म्हाताऱ्याची चाल, मुलाची चाल, घाईतली, निवांत. कॅमेऱ्याला समोर म्हातारी दिसली, की यंत्र तिच्या जागी तुमची म्हातारी चालवेल. दिशा खरी, वेग खरा, जागा खरी. फक्त चाल स्वच्छ."

हेमांगीला ते पटलं. शिवाय मोहही होताच. लघुपट करून करून किती लोकांपर्यंत पोचणार? इथं तर हजारो माणसांना दिसणारं जगच तिच्या हातचं असणार होतं. कंपनीची प्रमुख दिग्दर्शक म्हणून तिनं वर्षभर खपून साठ चाली केल्या. तो संच सगळ्या चष्म्यांत गेला आणि कंपनीकडं आभाराच्या फोनांची रीघ लागली. एका माणसानं सांगितलं की लेकीच्या लग्नात त्याला वरात दिसली. मगदूमांनी स्वतः हळदीचा डबा आणि बायकोला घेऊन हेमांगीचं घर गाठलं. "राजमती कशी राणीसारखी चालतीया बघा!" ते म्हणाले. राजमती लाजून म्हणाली, "मी कुठली राणी? यांचं आपलं काहीतरीच."

त्या पावसाळ्यात घराच्या पायरीवरून हेमांगीचा पाय मुरगळला. काही फार नाही, पण चार दिवस ती लंगडत होती. तिसऱ्या दिवशी ती चहा घेऊन आली, तेव्हा आईनं विचारलं, "पायाला काय झालंय?"

"मुरगळलाय. तुला दिसलं?"

"नाही. ऐकू आलं. डावं पाऊल जड पडतंय." आईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "दिसत तर काहीच नाही. मघाशी तू स्वयंपाकघरातून आलीस ती अगदी ठुमकत. परवा कामवाली सुशीला आली, तीही तशीच ठुमकत. काल फाटकातून पोस्टमन आला, तोही तुझ्या त्या 'निवांत' चालीनं. हेमा, सगळं गाव तुझ्या पायांनी चालतंय."

"अगं, ते स्वच्छ दिसावं म्हणून..."

"मी पस्तीस वर्षं पोरींना खो-खो शिकवला. कुणाचा घोटा दुखतोय, कोण घरून उपाशी आलीय, कुणाचं लक्ष नाही, सगळं मला त्यांच्या धावण्यावरून कळायचं. आता डोळे एक सांगतात आणि कान दुसरं. मी कानांवर विश्वास ठेवते. मग हे डोळे कशाला?"

आईनं चष्मा पुन्हा लावला तो दुसऱ्या दिवशी, तोही डॉक्टर रागावतील म्हणून.

हेमांगीनं सोमणांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गुळगुळीतपणा थोडा कमी करता येईल, पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाले. पुढची आवृत्ती पुढंच सरकत राहिली. हेमांगीनंही फार तगादा लावला नाही. नव्या लघुपटाचं काम जोरात होतं आणि तक्रार एकट्या आईचीच होती.

दिवाळीनंतर मगदूमांच्या घरी ते घडलं. राजमती सकाळी देवळातून परतली तेव्हा तिचा उजवा पाय ओढला जात होता आणि हात लुळा लोंबत होता. मेंदूत गुठळी अडकली होती. अशा वेळी माणूस लवकरात लवकर दवाखान्यात पोचावा लागतो. मगदूम ओट्यावरच बसले होते. त्यांनी बायकोला फाटकापासून दारापर्यंत येताना पाहिलं. ती दोन्ही हात झुलवत, नेहमीसारखी राणीच्या डौलात आली. ती काहीतरी अडखळत बोलली, तर त्यांना वाटलं, तोंडात प्रसाद आहे. ती आत जाऊन आडवी झाली. दुपारी शिक्षिका असलेली सून शाळेतून आली तेव्हा कुठं धावाधाव झाली.

राजमती वाचली. उजवी बाजू मात्र अधू झाली.

हेमांगी दवाखान्यात भेटायला गेली. मगदूम व्हरांड्यात बाकावर बसले होते. चष्मा खिशात होता.

"ताई, मी आंधळा होतो तेव्हा हिच्या चपलांचा आवाज ऐकायचो," ते म्हणाले. "आता दिसतंय म्हणून ऐकायचं सोडलं होतं."

त्यांनी तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. ती पायऱ्या उतरून खाली आली, गाडीत बसली आणि आधी पोटभर रडली. मग तिनं सोमणांना फोन लावला.

"संच आज काढा."

"मॅडम, एका घटनेवरून... नव्वद टक्के लोक समाधानी आहेत."

"मीही समाधानी होते. चाली माझ्या आहेत, करारात प्रत्येक आवृत्तीला माझी संमती लागते. ती मी काढून घेतेय."

"मग लोकांना पुन्हा तुमच्या आई म्हणतात तसं भडंग दिसेल. ते चालेल तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला तिनं डॉक्टर मुजावरांना गाठलं. दोघींनी 'अंतर्दीप'च्या दोन तरुण इंजिनिअरना सोबत घेतलं आणि मिरजेत त्याच वरच्या मजल्यावरच्या खोलीत बैठक मारली. हेमांगीनं आईला रोज समोर बसवलं आणि खऱ्या माणसांना खोलीतून चालायला लावलं. नर्स, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर, कुबड्या घेतलेले रुग्ण.

"गडबड ठिपके विझल्यानं होत नाहीये," एका सकाळी ती अचानक म्हणाली. "यंत्र विझलेल्या जागी अंदाजानं दुसरा ठिपका लावतं, आणि तो अंदाज चुकला की ठिपका उडी मारतो. मी फिल्म करताना कायम काहीतरी लपवते. बाई खांबाआड गेली तर जातेच. बघणाऱ्याला माहीत असतं, ती तिथं आहे."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जो सांधा दिसत नाही, तो विझलेलाच राहू दे. यंत्रानं काही भरायचं नाही. आणि जे दिसतात त्यातलेही सगळे नकोत. कुठले ठेवायचे ते मी सांगते. चालीत बातमी कुठं असते, ते मला ठाऊक आहे. टाचेत असते, खांद्यात असते, मानेच्या खाली असते."

एवढ्या वर्षांत तिनं चाली काढल्या होत्या. आता ती काढलेलं पुसत होती. साडी नेसलेल्या बाईचे गुडघे पुसले, पण पावलं आणि कंबर ठेवली. गर्दीत फक्त जवळ येणाऱ्या माणसाचे खांदे ठेवले. चित्र विरळ झालं, तुटक झालं, पण त्यातला प्रत्येक ठिपका खऱ्या शरीरावरून आलेला होता. ते वाचायला मात्र वेळ लागायचा. आईसारख्या मुरलेल्या बाईलाही पहिले काही दिवस जड गेलं.

नवी पद्धत तयार होईपर्यंत जुना संच चष्म्यांत राहिला होता; तो काढण्याआधी सांगलीतल्या एका सभागृहात जाळीवाल्या मंडळींचा मेळावा झाला. सोमणही आले. हेमांगीनं कुठलंही भाषण तयार केलं नव्हतं. तिनं सरळ सांगितलं, की जे सुंदर दिसत होतं ते तिनं काढलेलं होतं, आणि त्यामुळं एका घरात उशीर झाला.

सभागृहात कुजबुज झाली. मागून एक बाई तडकून उठली. "आमचं काय चुकलं? वीस वर्षांनी माणसं दिसायला लागली होती. आता ती काढून घेणार?"

"माणसं काढून घेत नाहीये, ताई. मी मध्ये उभी होते, ती बाजूला होतेय."

"आम्हाला तुम्ही मध्ये असलेल्या चालत होतात!" बाई म्हणाली, आणि काहीजणांनी टाळ्याही वाजवल्या. हेमांगीला त्या टाळ्या लागल्या. इतकं प्रेम तिच्या कामावर आजवर कुणी केलं नव्हतं.

त्या टाळ्या थांबायच्या आत राजमती मगदूम पुढच्या रांगेतून उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुनेचा हात सोडून, काठी टेकत ती मंचासमोरच्या मोकळ्या जागेत आली. तोंड अजून थोडं वाकडं होतं, शब्द जड येत होते.

"चालू करा तुमचं," ती म्हणाली. "मी चालते."

इंजिनिअरनं आधी जुना संच लावला. राजमती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. सभागृहातले लोक हसऱ्या चेहऱ्यानं माना डोलावत राहिले, कारण त्यांना एक बाई डौलात जाताना दिसत होती. तिच्या काठीचा टक-टक आवाज सगळ्यांच्या कानांवर पडत होता. हळूहळू माना डोलायच्या थांबल्या.

मग हेमांगीनं खूण केली आणि संच काढला. थोडेसेच ठिपके उरले. राजमती परत फिरली. डावं पाऊल पुढं, थांबा. कंबर वर उचलली गेली, उजवं पाऊल जमिनीवरून अर्धगोल ओढत आलं. उजव्या हाताचे ठिपके अंगाला चिकटून स्थिर. पुन्हा डावं पाऊल.

मगदूम उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला नाही, नुसते बघत राहिले. "लई त्रास होतोय गं तुला," ते म्हणाले. "मला वाटलं, बरी झालीस."

"होतेय की हळूहळू," राजमती म्हणाली. "तुम्ही नीट बघा म्हणजे झालं."

मघाची तडकलेली बाई खाली बसली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "हे वाचायला शिकवणार कोण?"

"मी," हेमांगी म्हणाली. "आधी लघुपटातून, मग खऱ्या माणसांतून. लघुपटाच्या सुरुवातीला सांगितलं जाईल की हे मी काढलंय. रस्त्यावर माझं काही नसेल."

सोमणांनी बाहेर तिला गाठलं. संच काढायचा तर प्रमुख दिग्दर्शकाचं पदही राहणार नाही, हे त्यांनी सभ्य शब्दांत सांगितलं. नवी पद्धत मात्र कंपनीला हवी होती. डॉक्टर मुजावरांनी आणि तिनं ती सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची असं आधीच ठरवलं होतं. "घ्या की," हेमांगी म्हणाली. "फक्त रिकाम्या जागा भरू नका." पद गेल्याचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त डोक्यात घोळत होती राजमतीची चाल. कंबर उचलून पाय ओढायची ती पद्धत, त्यातला हट्ट, वळताना काठीवर घेतलेला तो क्षणभराचा विसावा. असली चाल तिच्या साठांत नव्हती, आणि ती बसून कधी सुचलीही नसती. पुढचा लघुपट तिला समोर दिसत होता.

ती विश्रामबागेत पोचली तेव्हा ऊन कललं होतं. आई मेळाव्याला आली नव्हती. खुर्च्यांवर बसून भाषणं ऐकणं तिला कधीच जमलं नव्हतं. ती ओट्यावर नवा बदल केलेला चष्मा लावून बसली होती. हेमांगीनं फाटक उघडलं आणि ती आत चालत आली. आई तिच्याकडं एकटक बघत होती, इतकी, की हेमांगी मध्येच थबकली.

"थांबू नकोस. ये," आई म्हणाली.

हेमांगी ओट्यापर्यंत आली. आईनं मान थोडी तिरकी केली, मैदानाच्या कडेला उभी राहून करायची तशी.

"जिंकून आलीस."

"कशावरून?"

"पावलं हलकी पडतायत. पण खांदे बघ कसे पाडलेस. शाळेपासून सांगतेय, ताठ चाल म्हणून. पन्नाशी आली तरी तशीच." तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. "पुन्हा फाटकापर्यंत जा बघू. आणि नीट चालत ये."

हेमांगी वळली, फाटकापर्यंत गेली, आणि आई बघत असताना खांदे सरळ करून चालत आली.